सैन्य प्रशिक्षण केंद्रातील पहिले महिने : नव्या अग्निवीरासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी अशा गावांत मुलगा भरती झाला, तर पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला आजोबा, काका आणि चुलतभाऊ सगळेच सांगतात. ट्रंकेत काय भरावे इथपासून शिकवणाऱ्या उस्तादांना उत्तर कसे द्यावे इथपर्यंतची माहिती त्या घरांत न विचारताच मिळते. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी सैन्यात निघाला आहे, तिथे मात्र गुलाल आणि पेढे झाल्यावर प्रश्नांची रांग लागते आणि त्यांची उत्तरे बहुधा भरती अकादमीच्या फलकांवरून किंवा मोबाइलवरच्या चित्रफितींवरून शोधली जातात. त्या घरांसाठी हा लेख आहे. तो प्रामुख्याने भूदलातील प्रशिक्षणाविषयी आहे आणि उदाहरणासाठी बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र डोळ्यांसमोर ठेवले आहे. इतर केंद्रांत तपशील बदलतात, परंतु दिनक्रमाचा साचा बराचसा सारखाच असतो.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. भरतीची तयारी आणि प्रशिक्षणाची तयारी या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि बहुतेक मुले पहिलीसाठी दोन-दोन वर्षे घाम गाळून दुसरीकडे साफ दुर्लक्ष करतात. मैदानी चाचणीत १.६ किलोमीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत कापले की पूर्ण ६० गुण आणि बीमवर दहा पुल-अप्स काढले की ४० गुण मिळतात, म्हणून सारा सराव याच दोन गोष्टींभोवती फिरतो. केंद्रात गेल्यावर मात्र पाठीवर पिठ्ठू (सामानाने भरलेली सैनिकी पिशवी) आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर धावायचे असते, आणि तेही आदल्या रात्री पहारा देऊन, पायाला फोड आलेले असताना.

कुठे पाठवतात आणि किती काळ

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली आणि तेव्हापासून जवानांची भरती चार वर्षांच्या मुदतीसाठी, प्रशिक्षणाचा काळ धरून, होऊ लागली. अशा जवानालाच अग्निवीर म्हणतात. या पद्धतीत रेजिमेंट किंवा शाखा उमेदवाराच्या पसंतीने मिळेल असे गृहीत धरू नये. महाराष्ट्रातील मुलगा बेळगावला जाऊ शकतो, तसाच नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, अहिल्यानगरच्या रणगाडा दलाच्या किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या केंद्रात, कामठीच्या गार्ड्समध्ये, सागरच्या महार रेजिमेंटमध्ये किंवा जबलपूरच्या सिग्नल्समध्येही जाऊ शकतो. मुलींची भरती मिलिटरी पोलीस दलात होते आणि त्यांचे प्रशिक्षण बंगळुरूला असते. नौदलाचे अग्निवीर ओडिशातील आयएनएस चिल्का येथे जातात, तर हवाई दलाचे बेळगावजवळच्या सांबऱ्याला. त्यांचा अभ्यासक्रम वेगळा असल्याने त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

भूदलातील अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये केंद्रांत दाखल झाली आणि ३१ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर ऑगस्टमध्ये बाहेर पडली. पहिले साधारण १० आठवडे सर्वांसाठी मूलभूत सैनिकी प्रशिक्षणाचे आणि उरलेले आपापल्या शाखेच्या पुढच्या प्रशिक्षणाचे, अशी त्याची विभागणी होती. घरच्यांनी सात-आठ महिन्यांचा हिशेब मनात धरावा आणि त्या काळात गणपती, दिवाळी, बहिणीचे लग्न यांपैकी कशासाठीही मुलगा येईलच असे कुणाला सांगू नये. वर्षाला ३० दिवसांची रजा योजनेत असली, तरी प्रशिक्षणाच्या काळात ती कधी मिळणार हे केंद्राचे वेळापत्रक ठरवते.

यादीत नाव आल्यापासून हजर होईपर्यंत

हा काळ सर्वांत जास्त वाया जातो. यादी लागली की मुलगा धावणे सोडतो, गावोगाव सत्कार होतात, मित्रांच्या पार्ट्या होतात, आणि महिना-दीड महिन्यात कमावलेला दम निघून जातो. असे गेलेला मुलगा पहिल्या पंधरवड्यात मागे पडतो आणि मागे पडलेल्यावर सगळ्या पलटणीची नजर असते. म्हणून सत्कार एका दिवसात आटोपावेत आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारला उठण्याची सवय लावावी. आठवड्यातून चार दिवस ४ ते ६ किलोमीटर धावावे. वेग राखण्यापेक्षा श्वास न तुटता अंतर पुरे करण्यावर भर द्यावा. पाठीवर पाच-सहा किलोचे ओझे घेऊन चालण्याचा सराव करावा, परंतु ओझे घेऊन डांबरी रस्त्यावर धावू नये, कारण नडगीचे दुखणे घेऊन केंद्रात पोहोचण्यासारखा दुसरा तोटा नाही. हातांच्या जोरावर दोरावर चढता येणे हा स्वतंत्र भाग आहे. झाडाला जाड दोर बांधून पायांची पकड शिकून घेतली, तर पुढे फार उपयोग होतो.

तंबाखू, गुटखा, मिसरी याच काळात पूर्णपणे सोडावी. केंद्रात ती अचानक सुटते, आणि पहिल्या आठवड्याच्या ताणात तलफेची चिडचिड मिसळली की मुलगा विनाकारण भांडणात सापडतो. दातांची कीड, कानातील मळ, जांघेतील गजकर्ण अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींवर घरी असतानाच उपचार करून घ्यावेत, कारण केंद्रात पोहोचल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी होते. भरतीच्या आनंदात दंडावर किंवा छातीवर काही गोंदवून घेण्याची हौस तर मुळीच करू नये. गोंदण्याबाबत सैन्याचे नियम कडक आहेत आणि सर्वसाधारण उमेदवाराला ते कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला व तळहाताच्या मागे एवढ्याच जागी चालते.

कागदपत्रांचे काम वडिलांनी किंवा थोरल्या भावाने हाती घ्यावे. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, अधिवास व जातीचे दाखले, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक या सर्वांवर नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरश: एकच असली पाहिजे. आधारवर "पांडुरंग" आणि गुणपत्रिकेवर "पांडूरंग" असा ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही इंग्रजीत उतरताना वेगळे अक्षर बनतो आणि पुढे पगारापासून विम्यापर्यंत त्रास देतो. दुरुस्ती करायची असल्यास ती आताच करावी. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा छायाप्रती काढून एक संच घरी ठेवावा.

सैन्य भरती कार्यालय हजर राहण्याची तारीख कळवते, तिथे कागद तपासले जातात आणि मुलांना गटाने रेल्वेच्या वॉरंटवर (सरकारी प्रवासपत्रावर) केंद्राकडे रवाना केले जाते. नेमके काय न्यायचे याची यादी त्या पत्रासोबत किंवा कार्यालयाच्या फलकावर असते आणि तीच प्रमाण मानावी. यादीबाहेरचे फार काही नेण्याची गरज नसते, कारण गणवेश, बूट, पीटीचे कपडे, मच्छरदाणी, कांबळे, मेस टिन हे केंद्रातच मिळते. माझ्या मते स्वत:च्या बाजूने चांगल्या सुती बनियन-चड्ड्यांचे व जाड मोज्यांचे जास्तीचे जोड, एक भक्कम कुलूप, सुई-दोरा, नखे कापण्याचे साधन, दाढीचे सामान, साधे घड्याळ आणि घरच्या सर्वांचे नंबर लिहिलेली छोटी वही एवढे पुरे. जून ते ऑगस्टच्या सुमारास बेळगावला जाणाऱ्याने मोज्यांचे जोड आणखी वाढवावेत, कारण तिथला पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही आणि बॅरेकमध्ये वाळत घातलेले मोजे दोन दिवसांनीही ओलसरच राहतात. सोन्याची साखळी, महागडा मोबाइल आणि पाच हजारांच्या वर रोकड नेऊ नये. लाडू-चिवड्याचा डबा आईने अवश्य द्यावा, मात्र तो पहिल्याच संध्याकाळी चाळीस जणांत संपणार हे गृहीत धरून द्यावा.

पहिला आठवडा

केंद्रात पोहोचल्यावर नावाची जागा नंबर, बॅच आणि पलटण घेतात. केस कापले जातात, कागदपत्रे व प्रकृती पुन्हा तपासली जाते, मोबाइल जमा होतो आणि किट वाटले जाते. बूट घेताना मुले लाजून किंवा घाईत मिळेल तो जोड घेतात, ही मोठी चूक ठरते. जाड मोजे घालून, उभे राहून, टाच घट्ट व बोटे मोकळी आहेत हे पाहून मगच जोड स्वीकारावा आणि घट्ट असल्यास "उस्ताद, बूट तंग है" असे तिथल्या तिथे सांगावे. पुढचे सात महिने त्याच बुटांवर काढायचे असतात.

शिकवणारे हवालदार आणि नायक हे "उस्ताद", सुभेदार आणि नायब सुभेदार हे "साहब", हे संबोधन पहिल्याच दिवशी जिभेवर बसवावे. सगळे हुकूम आणि शिकवणी हिंदीत असते. केंद्र बेळगावला असले आणि पलटणीत निम्मी मुले मराठी असली तरी "सावधान", "विश्राम", "दाहिने मुड", "तेज चल", "थम" याच भाषेत दिवस उगवतो आणि मावळतो. खेड्यातील मुलाला हिंदी समजते, पण बोलताना अडखळायला होते आणि मग तो गप्प बसतो. गप्प बसणारा मुलगा बेफिकीर आहे असा उस्तादांचा समज होतो. म्हणून घरी असतानाच रोज अर्धा तास हिंदी मोठ्याने वाचण्याचा आणि प्रश्नाला पूर्ण वाक्यात, चढ्या आवाजात उत्तर देण्याचा सराव केलेला बरा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला घर आठवते आणि रात्री बॅरेकमध्ये मुसमुसणे ऐकू येते. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. खरा धक्का मेहनतीचा नसतो, तो वेळ स्वत:च्या ताब्यात नसण्याचा असतो. आंघोळ, जेवण, कपडे धुणे, शौचाला जाणे हे सर्व शिटीवर होते, आणि एकाच्या उशिराची शिक्षा पुष्कळदा सगळ्या पलटणीला मिळते. ही पद्धत अन्यायाची वाटते, पण तिच्यामागे हेतू असतो. आपल्या ढिलाईचे ओझे शेजाऱ्याला उचलावे लागते, ही जाणीव व्याख्यानाने होत नाही, ती चाळीस जणांसोबत कोलांट्या मारताना होते.

रोजचा क्रम

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास उठणे, दाढी, चहा आणि मैदानावर फॉल-इन म्हणजे रांगेत हजर होणे. दाढी रोज करायची, मिसरूड फुटले नसले तरी वस्तरा फिरवायचा. पीटीनंतर नाश्ता, मग ड्रिल, हत्यारांचे वर्ग, फील्डक्राफ्ट (मैदानात लपत-छपत हालचाल करण्याचे तंत्र), नकाशावाचन, सैन्याचे नियम, प्रथमोपचार असे तास असतात. दुपारी जेवणानंतर थोडी विश्रांती, मग पुन्हा वर्ग किंवा फटीक म्हणजे गवत कापणे, रस्ता झाडणे, सामान हलवणे अशी कामे. संध्याकाळी खेळ, नंतर रात्रीची गिनती म्हणजे हजेरी, जेवण आणि दिवे बंद. रविवारी मंदिर परेड, कपडे धुणे, केस कापणे आणि घरी फोन.

लंगरचे म्हणजे केंद्राच्या स्वयंपाकघरातले जेवण साधे आणि भरपूर असते. भाकरीची सवय असलेल्या मुलाला सुरुवातीचे दिवस चपाती, डाळ आणि भात जड जातात, शिवाय वेळ कमी मिळतो. आवड-निवड बाजूला ठेवून पोटभर खाणे हा प्रशिक्षणाचाच भाग समजावा, कारण अर्धपोटी राहणारा मुलगा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास आजारी पडतो.

नवख्या मुलाला बुटाचे पॉलिश हा सुरुवातीला वेडेपणा वाटतो. बुटाच्या पुढच्या टोपीवर चेरी ब्लॉसमचा पातळ थर बोटाला गुंडाळलेल्या मऊ फडक्याने लावायचा, वर पाण्याचा एखादाच थेंब घ्यायचा आणि रुपयाएवढ्या वर्तुळात हलके फिरवत राहायचे. थर मुरला की दुसरा, मग तिसरा. पहिल्या दोन रात्री चामडे धुरकटच दिसते. जोर लावला की आधीचा थर निघून येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आठवड्याभरात कधीतरी त्यात बॅरेकचा दिवा स्पष्ट दिसू लागतो आणि दुसऱ्या दिवशी ड्रिलच्या मैदानावर कुणाचा तरी पाय त्याच टोपीवर पडतो. बेल्टच्या पितळेला ब्रासो, बिछान्याच्या चादरीला सरळ घडी, पेटीत ठरलेल्या जागी ठरलेली वस्तू, हे सगळे याच जातीचे काम आहे. ज्याला रात्री नऊनंतरचा अर्धा तास नीट वापरता येतो त्याची सकाळ सुखाची जाते, एवढे लक्षात ठेवावे.

बेळगावच्या तळेकर ड्रिल मैदानावर पहिल्यांदा उभे राहिलेल्या मुलाला उजवा-डावा पायही कळेनासा होतो आणि उजव्या पायासोबत उजवाच हात पुढे जातो. हा प्रकार प्रत्येक तुकडीत घडतो आणि पंधरा दिवसांत जातो. मैदानाबाहेर रेजिमेंटचा इतिहासही शिकवला जातो: १७६८ पासूनची परंपरा, "कर्तव्य, मान, साहस" हे ब्रीद, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही रणगर्जना, केंद्रातील शरकत स्मारक (पहिल्या महायुद्धातील एका लढाईचे), इटलीत १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये मिळवलेले नामदेव जाधव. हे पाठ करायला लावतात म्हणून कुरकुरणारा मुलगाही पुढे सुट्टीवर आला की तेच सर्वांना ऐकवतो.

दुखणे लपवू नये

माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. प्रशिक्षणातून मागे राहणाऱ्या मुलांत कमजोर शरीराच्या मुलांइतकीच लहानसे दुखणे लपवून मोठे करून घेणारी मुले असतात. "कामचोर म्हणतील" या भीतीने मुलगा नडगीचे दुखणे दोन-तीन आठवडे सोसतो, तेवढ्यात हाडाला बारीक तडा जातो आणि मग आठवड्यांची सक्तीची विश्रांती येते. धावून झाल्यावर दुखते आणि विश्रांतीने थांबते ते स्नायूंचे. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाड दुखते, रात्रीही दुखते, ते मात्र दुसऱ्याच दिवशी सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या हजेरीला, सांगावे. एमआय रूममध्ये (केंद्राच्या दवाखान्यात) डॉक्टर तपासून विश्रांती किंवा हलक्या कामाची चिठ्ठी देतात आणि ती उस्तादांना मान्य करावीच लागते. पायाला फोड आल्यास त्याची कातडी ओढून काढू नये, पाय रोज रात्री धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. उन्हाच्या दिवसांत तहान लागण्याची वाट न पाहता पीटीच्या आधीच पाणी प्यावे. धावताना घाम थांबला, डोके भणभणू लागले किंवा समोरचे अंधुक झाले तर लगेच थांबून आवाज द्यावा. अशा वेळी जिद्द दाखवणे जिवावर बेतू शकते. घरून ताकदीच्या पावडरी, गोळ्या, इंजेक्शने मागवू नयेत आणि घरच्यांनी पाठवू नयेत.

शिक्षेबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. जास्तीच्या फेऱ्या, कोहनीवर रांगणे, पिठ्ठू घेऊन उभे राहणे, ज्याला तिथे "रगडा" म्हणतात, ते या जीवनात आहेच आणि त्याने कुणी बिघडत नाही. मारहाण, पैशांची मागणी किंवा अपमानास्पद छळ ही गोष्ट वेगळी. कनिष्ठाला वाईट वागवणे हा सेना कायदा, १९५० च्या कलम ४७ प्रमाणे गुन्हा आहे. अशी वेळ आल्यास आधी पलटणीच्या साहेबांना, नंतर कंपनी कमांडरला भेटण्याची विनंती करावी, आणि दरबार (अधिकारी व जवानांची एकत्र सभा) भरतो तेव्हा तिथेही अडचण मांडता येते. घरच्यांनी मात्र मुलाच्या एका रडव्या फोनवरून आमदाराचे पत्र घेऊन केंद्राच्या फाटकावर जाऊ नये. चार दिवस थांबून पुन्हा विचारावे. बहुतेक वेळा तोपर्यंत तो विषयच बदललेला असतो.

रायफल हातात आल्यावर

५.५६ मिलिमीटर इन्सास रायफल प्रथम फक्त खोलायला आणि जोडायला शिकवली जाते, पुष्कळदा डोळे मिटूनही. नंतर नेम धरणे, श्वास रोखणे, घोडा दाबणे यांचा कोरडा सराव आणि त्यानंतरच फायरिंग रेंज. नळी साफ करण्यासाठी दोरीला चिंदी बांधून ती नळीतून ओढायची, चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत. रेंजवर शिस्त अत्यंत कडक असते आणि तिथे उस्तादांचा आवाज वेगळाच असतो. चाललेल्या प्रत्येक काडतुसाचे खोके म्हणजे रिकामे कवच मोजून परत द्यावे लागते आणि आपल्याजवळ जिवंत राउंड किंवा खोके नाही असे प्रत्येकाला मोठ्याने सांगावे लागते. आठवण म्हणून एक खोके खिशात ठेवण्याचा मोह कुणालाही होतो. तो केल्यास गंमत समजून कुणी सोडून देत नाही.

घरच्यांनी काय करावे

पहिले दोन-तीन आठवडे फोन न येणे ही सामान्य गोष्ट आहे. पुढे फोनची परवानगी बहुधा आठवड्यातून एकदा, थोड्या वेळासाठी, केंद्राच्या नियमाप्रमाणे मिळते. रवानगीच्या वेळी मिळालेला प्रशिक्षण कंपनीच्या कार्यालयाचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण झाले, तर त्या क्रमांकावर मुलाचा नंबर, नाव व बॅच सांगून कळवावे. रजेचा विचार होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही अशा वेळी मार्ग दाखवते. शेजारच्या बांधाचे भांडण, आजीचे गुडघे, कर्जाचा हप्ता किंवा सोयरिकीचा विषय त्या पाच मिनिटांच्या फोनवर काढू नये. भरतीच अविवाहितांसाठी असते, तेव्हा पाहुण्यांना मुलगी दाखवण्याची घाई कुणी करण्याचे कारण नाही. मुलगा कुठल्या बॅरेकमध्ये आहे, रेंज कधी आहे, तुकडी कधी हलणार याविषयीची छायाचित्रे किंवा मजकूर समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि "मी कार्यालयातून बोलतो" असे सांगून ही माहिती विचारणाऱ्यालाही देऊ नये.

फसवणूक इथूनच सुरू होते. "तुमचा मुलगा मेडिकलमध्ये अडकला आहे, पन्नास हजार पाठवा", "चांगली शाखा मिळवून देतो", "परेडच्या पासचे पैसे लागतात" असे फोन येतात. सैन्यात भरतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा पास होण्यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. असा फोन आल्यास तो बंद करून कंपनीच्या कार्यालयाला स्वत: फोन लावावा आणि पोलिसांत तक्रार करावी.

पगाराचा हिशेब घरात सर्वांना नीट माहीत असावा. योजनेप्रमाणे पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले असून त्यातील ९,००० सेवा निधीत जातात आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ही रक्कम ४०,००० होते व हातात २८,००० येतात. मुलाच्या भागाएवढीच भर सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. ४८ लाखांचे विमासंरक्षण असते आणि त्यासाठी मुलाच्या पगारातून काही कापले जात नाही. पेन्शन व ग्रॅच्युइटी मात्र नाही, आणि चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम सेवेत घेतले जातात. हे आकडे पाहता मुलाच्या भरवशावर दहा वर्षांच्या हप्त्याचा ट्रॅक्टर काढू नये, असे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते. वारसाचे नाव आणि बँकखाते यांची नोंद पहिल्याच महिन्यात बरोबर झाली आहे ना, हे मात्र फोनवर आवर्जून विचारावे.

चाचण्या आणि मागे पडणे

धावणे, दोर, नऊ फुटांची खाई, पुल-अप्स, ड्रिल, फायरिंग आणि लेखी विषय अशा चाचण्या टप्प्याटप्प्याने होतात. एखाद्या विषयात नापास झाल्यास पुन्हा संधी मिळते. तरीही न जमल्यास, किंवा आजारपणात फार दिवस बुडाल्यास, मुलाला मागच्या बॅचमध्ये घालतात. त्याने नोकरी जात नाही, फक्त सोबती बदलतात आणि कसम परेड लांबते. गावात याची चर्चा होईल म्हणून आई-वडिलांनी त्याला टोचून बोलू नये. वारंवार संधी देऊनही जमत नसेल तर मात्र केंद्र घरी पाठवू शकते.

मुलगा न सांगता पळून घरी आला, तर त्याला मामाच्या गावी लपवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. विनापरवाना गैरहजेरीचे दिवस जितके वाढतील तितके प्रकरण जड होते. त्याच दिवशी कंपनीच्या कार्यालयाला कळवून, वडिलांनी स्वत: सोबत जाऊन त्याला हजर करावे. एक-दोन दिवसांत परतलेल्या मुलाला शिक्षा होते, पण बहुधा प्रशिक्षणही पूर्ण करता येते.

कसम परेड

शेवटी धर्मगुरूंच्या उपस्थितीत, आपापल्या धर्मग्रंथाच्या आणि राष्ट्रध्वजाच्या साक्षीने शपथ होते. तिलाच कसम परेड म्हणतात. आई-वडिलांना निमंत्रण येते आणि अनेक केंद्रांत त्यांच्या छातीवर "गौरव पदक" लावले जाते. परेड सकाळी लवकर असते, म्हणून आदल्या दिवशीच पोहोचावे. साताऱ्या-सांगलीकडच्यांना मिरजमार्गे रेल्वेने किंवा पुणे–बंगळुरू महामार्गाने बेळगाव गाठता येते. त्या दिवशी शहरातील लॉज भरलेले असतात, म्हणून खोली आधी सांगून ठेवावी. प्रत्येकाने मूळ आधारकार्ड बाळगावे, निमंत्रणात असतील तेवढीच माणसे न्यावीत आणि फाटकावर मोबाइल जमा करावा लागल्यास वाद घालू नये. आई मुलाला ओळखायला चुकेल हे गृहीत धरावे. वजन उतरलेले, रंग रापलेला आणि दोनशे चेहरे एकाच टोपीखाली असतात. परेड संपेपर्यंत नावाने हाक मारू नये, कारण त्याला मान वळवता येत नाही.

परेडनंतर सुट्टी आणि युनिटचे आदेश मिळतात. सुट्टीत घरच्यांनी त्याला दोन दिवस झोपू द्यावे आणि सत्काराचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर तो शेवटच्या दिवशी ठेवू नये, कारण परतीची गाडी चुकली तर नव्या युनिटमध्ये पहिल्याच दिवशी गैरहजेरी लागते. युनिट सीमेवर किंवा फील्डमध्ये असेल तर पत्रावर गावाचे नाव लिहायचे नसते. नंबर, नाव, युनिट आणि "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ" (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) यांपैकी तो सांगेल ते एवढाच पत्ता पुरतो.